आजचे चिंतन : कर्मयोग आणि सोलापूरचे डॉक्टर



आज गीतेचा तिसरा अध्याय, कर्मयोग. आम्हा खानदेशातल्या लोकांना गीता म्हटलं की धुळ्याचं जेल आठवतं. १९३२ मध्ये विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. गुरुजींनी त्याआधीच अमळनेरची शाळेतली नोकरी सोडली होती.

पण आज वाचताना मनात आले ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

जन्म सोलापूरचा, १९१० चा. मुंबईत डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलं. तिथल्या सेनानींनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले, आणि काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी पथक उभं केलं. पाच डॉक्टर निघाले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे. मुंबईत चांगली प्रॅक्टिस जमवायचं हेच वय.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. तरी ते परतले नाहीत, कारण समोर जखमी सैनिक पडलेले होते. चिनी भाषा शिकले. १९४० च्या लढायांत सलग तीन दिवस-रात्र शस्त्रक्रिया करत राहिले, असं सांगतात. १९४१ मध्ये डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले. वय ३२. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. युद्ध संपायला अजून जवळपास तीन वर्षं होती. पाचांपैकी चार घरी आले.

खरं सांगतो, राजीनाम्याचा मेल माझ्याही ड्राफ्टमध्ये पडून आहे. मॅनेजर काही बोलला की उघडतो, वाचतो, बंद करतो. मनात म्हणतो, आता सेवाच करायची. पण कोटणीसांचं चरित्र वाचल्यावर जरा लाज वाटली. ते कामाला कंटाळून निघाले नव्हते. इथे डॉक्टर होते, तिथेही डॉक्टरच राहिले. स्वधर्म तोच, फक्त जागा बदलली, जिथे गरज जास्त होती तिथे. माझ्या मेलमध्ये मात्र काय नको ते सगळं लिहिलंय, कोणासाठी जायचं ते एका ओळीतही नाही.

अर्जुनालाही रणांगण सोडायचंच होतं, आणि कारणंही मोठी उदात्त होती. भगवंतांनी त्याला त्याच्याच कामाकडे वळवलं. कोटणीसांना तेच काम रणांगणावर घेऊन गेलं. फळ बघायला ते राहिले नाहीत, आणि फळासाठी थांबलेही नव्हते.

आज जप झाल्यावर एकच प्रश्न स्वतःला विचारू या : मी पळतोय, की कोणाच्या हाकेला जातोय? उत्तर येईपर्यंत माझा मेल ड्राफ्टमध्येच राहील. तोवर उद्याचं काम मन लावून करतो.

राम कृष्ण हरी.