तीन काडतुसे : जिम कॉर्बेट यांच्या शस्त्रविवेकाची कथा

नैनितालच्या पोस्टमास्तरांच्या मोठ्या कुटुंबात २५ जुलै १८७५ रोजी जन्मलेल्या जिम कॉर्बेट यांच्या हाती आलेली पहिली बंदूक मोडकी होती. ती ठासणीची दुनळी होती. प्रमाणाबाहेर दारू भरल्यामुळे तिची उजवी नळी फाटली होती आणि तुटलेला दस्ता पितळी तारेने बांधून ठेवला होता. मुलाला उपयोग करता येत होता तो केवळ डाव्या नळीचा. वडील १८८१ मध्ये निवर्तले होते आणि घरची स्थिती बेताची होती. दारू व छर्रे मोजून वापरावे लागत. कालाढुंगीच्या रानात हिंडणाऱ्या त्या मुलाला त्यामुळे एक शिस्त लागली : नेम निश्चित झाल्यावाचून चाप ओढायचा नाही.

पुढे शाळकरी वयातच नैनितालच्या स्वयंसेवक दलातील एका सार्जंट मेजरने त्याला लष्करी मार्टिनी रायफल वापरण्यास दिली. हवी तितकी काडतुसे मिळतील, मात्र रायफल स्वच्छ राखावी आणि रिकामी टरफले परत आणून द्यावीत, एवढीच अट होती. नळीचा व्यास .४५० इंच, खांद्याला बसणारा धक्का जबर. त्याच रायफलीने त्याने आपला पहिला बिबट्या टिपला. काडतुसे मुबलक मिळाली, तरी प्रत्येक टरफलाचा हिशेब द्यावा लागत होता.

वयाच्या विशीच्या आतच कॉर्बेट रेल्वेत नोकरीला लागले आणि नंतर गंगेकाठी मोकामा घाट येथे मालाच्या चढउतारीचे कंत्राटदार म्हणून वीस वर्षांहून अधिक काळ राबले. शिकार हा त्यांचा व्यवसाय कधीच नव्हता. नरभक्षकांच्या मागावर ते सवड काढून जात. इनाम रद्द करावे आणि इतर शिकाऱ्यांना त्या भागातून माघारी बोलवावे, ही त्यांची अट असे.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीचा प्रसंग आला. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून तिने ४३६ माणसे मारल्याची नोंद कॉर्बेट यांनीच करून ठेवली आहे. तहसीलदाराने हाक्यासाठी गावकरी गोळा केले. विनापरवाना शस्त्रांकडे काणाडोळा करण्याचे आणि ज्यांच्याजवळ दारूगोळा नसेल त्यांना तो पुरवण्याचे आश्वासन त्याने दिले होते. ठरल्या दिवशी २९८ माणसे जमली. कॉर्बेट यांच्या हातात .५०० व्यासाची दुनळी होती आणि खिशात अवघी तीन काडतुसे. याहून अधिक बार काढण्याची संधी मिळणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

हिशेब चुकला. पहिली गोळी वाया गेली. दुसरी व तिसरी लागली, परंतु वाघीण कोसळली नाही. जखमी नरभक्षक समोर आणि हातातील रायफल रिकामी, अशा अवस्थेत कॉर्बेट तहसीलदाराकडे धावले, त्याची बंदूक हिसकावून घेतली आणि परत फिरले. वाघिणीपासून सुमारे वीस फुटांवर पोहोचल्यावर त्यांच्या ध्यानात आले की नळ्या आणि मागील खटका यांत इंचाच्या तीन अष्टमांश एवढी फट आहे. बार उलटून डोळे जाण्याचा धोका होता. त्यांनी तो पत्करला. नेम वाघिणीच्या उघड्या जबड्यावर होता. गोळी लागली पंजाला. सुदैवाने आधीच्या दोन जखमांनीच तिचे प्राण कंठाशी आणले होते. त्या किरकोळ आघाताने ती खडकावरून पुढे कलंडली.

या मृत वाघिणीच्या जबड्याने कॉर्बेट यांना अधिक मोठा धडा दिला. तिचे उजवीकडील दोन्ही सुळे मोडलेले होते. खालचा तर पार हाडापर्यंत. कारण होते कुणातरी शिकाऱ्याची जुनी गोळी. नैसर्गिक शिकार अशक्य झाल्यामुळे ती माणसाकडे वळली होती. ओझरती लागलेली एक गोळी शेकडो माणसांच्या मृत्यूचे मूळ ठरू शकते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. शस्त्राची निवड आणि काडतुसांची मोजदाद हा केवळ शिकाऱ्याच्या हौसेचा प्रश्न उरला नाही.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. दस्त्यावर प्रसंगाचा उल्लेख कोरलेली चांदीची पट्टी होती. हे काडतूस म्हणजे माउझर घडणीचे सात मिलिमीटरचेच इंग्रजी नाव. १४० ग्रेन, अर्थात सुमारे ९ ग्रॅम वजनाची तिची गोळी वेगवान. धक्का सौम्य, रायफल हलकी आणि खजिन्यात एकाहून अधिक काडतुसे. याशिवाय कॉर्बेट यांच्याजवळ जेफ्री कंपनीची .४५०/४०० दुनळीही होती. तिची गोळी ४०० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ तिप्पट वजनाची. दाट झाडीत अंगावर येणाऱ्या जनावराला थोपवण्यासाठी तसा जड घाव लागे आणि दुसरा बार तत्क्षणी काढता येई. मात्र डोंगर चढउतार करीत दिवसेंदिवस माग काढायचा, तर वजन आणि अचूकता यांचा विचार आधी करावा लागे.

रुद्रप्रयागच्या बिबट्याने आठ वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे १२५ बळी घेतले. २ मे १९२६ च्या रात्री, विजेरीचा प्रकाश मंदावत असतानाच, कॉर्बेट यांनी तो टिपला, हाती तीच.२७५ रिग्बी होती आणि गोळी एकच लागली.

पुढे त्यांच्या हाती रायफलीपेक्षा कॅमेरा अधिक दिसू लागला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानासाठी त्यांनी खटपट केली. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९४४ मध्ये कुमाऊँच्या नरभक्षकांवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. १९४७ मध्ये बहीण मॅगीसह त्यांनी भारत सोडला आणि १९ एप्रिल १९५५ रोजी केनियातील न्येरी येथे त्यांचे निधन झाले. भेटीदाखल मिळालेली ती रायफल कालांतराने ती घडवणाऱ्या कंपनीकडेच परत गेली.

चंपावतला नेलेल्या तीन काडतुसांची चूक कॉर्बेट यांना सहज लपवता आली असती, कारण वाघीण मेली होती आणि गावकरी जयजयकार करीत होते. तरीही ती त्यांनी स्वतःच लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. अपुऱ्या तयारीनिशी उडवलेली गोळी कुणाच्या दारी मृत्यू घेऊन जाईल, हे चाप ओढणाऱ्याला कधीच कळत नाही. कॉर्बेट यांना ते वाघिणीच्या मोडक्या सुळ्यांत दिसले होते.