वेस्टर्न की गँगस्टर? सर्जिओ लिओनेचा दीर्घ हट्ट

जुन्या अमेरिकी चित्रपटांचा संच विकत घेऊ पाहणाऱ्या रसिकापुढे पुष्कळदा दोन डबे येऊन उभे राहतात. एकात जॉन फोर्डचे ‘स्टेजकोच’ (१९३९), ‘द सर्चर्स’ (१९५६) यांसारखे वेस्टर्न असतात. दुसऱ्यात ‘लिटल सीझर’ व ‘द पब्लिक एनिमी’ (दोन्ही १९३१) किंवा ‘व्हाइट हीट’ (१९४९) हे वॉर्नर ब्रदर्सचे गँगस्टरपट. एकीकडे उघडे माळरान आणि घोडा, दुसरीकडे अरुंद गल्ली आणि काळी मोटार. पहिल्याचा नायक शेवटी क्षितिजाकडे निघून जातो, दुसऱ्याचा गोळ्या खाऊन रस्त्यावर कोसळतो. बहुतेकांसाठी ही एका सुट्टीपुरती निवड असते. रोमच्या सर्जिओ लिओनेची मात्र निम्मी कारकीर्द तिच्यात खर्ची पडली.

लिओनेचा जन्म ३ जानेवारी १९२९ रोजी रोममध्ये झाला. वडील विन्चेंझो हे मूकपटांच्या काळातील दिग्दर्शक. रोबेर्तो रोबेर्ती हे त्यांचे पडद्यावरचे नाव. आई अभिनेत्री होती. वडिलांनी दिग्दर्शित केलेल्या आणि आईने भूमिका केलेल्या १९१३ सालच्या एका मूकपटाची गणना इटलीतील आरंभीच्या वेस्टर्नपटांत होते. प्राथमिक शाळेत त्याच्या वर्गात एन्निओ मोरिकोने नावाचा मुलगा होता. पुढे संगीतकाराच्या शोधात लिओने त्याच्या दारी गेला, तेव्हा जुनी ओळख पटली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

घरातच चित्रपट असल्याने कायद्याचा अभ्यास फार काळ चालला नाही. ‘बायसिकल थीव्ज’मध्ये (१९४८) साहाय्यक म्हणून राबताना, पावसात आडोशाला उभ्या राहिलेल्या तरुण धर्मशिक्षार्थींच्या घोळक्यात तो क्षणभर दिसतोही. त्यानंतरची दहा-बारा वर्षे इतरांच्या हाताखाली गेली. रोममध्ये चित्रित होणाऱ्या ‘क्वो वादिस’ आणि ‘बेन-हर’ या भव्य हॉलिवूडपटांच्या पथकांतही तो होता. हॉलिवूडचा खर्च, शिस्त आणि डामडौल त्याने असा जवळून पाहिला. इंग्रजी मात्र त्याला कधीच धड आली नाही.

१९६४ साली ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ आला. स्पेनच्या आल्मेरिया भागातील कोरडी टेकाडे अमेरिकेच्या सीमेवरची म्हणून खपवण्यात आली. दूरचित्रवाणी मालिकेतील क्लिंट ईस्टवुड या नटाला १५,००० डॉलरवर बोलावण्यात आले. दिग्दर्शक म्हणून बॉब रॉबर्टसन हे नाव झळकले. प्रेक्षकांना चित्रपट अमेरिकी वाटावा हा त्यामागील व्यापारी हिशेब होता. पण त्या नावात रोबेर्तो रोबेर्तीचा मुलगा हा अर्थही दडलेला होता. कथा अकिरा कुरोसावाच्या ‘योजिंबो’वरून (१९६१) परवानगीशिवाय उचललेली होती. प्रकरण तडजोडीवर मिटले, त्यात उत्पन्नाचा वाटा जपानला गेला आणि अमेरिकेतील प्रदर्शन १९६७ पर्यंत रखडले.

या कथेकडे जरा बारकाईने पाहायला हवे. गावात दोन टोळ्या आहेत. एक दारूचा धंदा करते, दुसरी बंदुकांचा. एक अनामिक माणूस दोघींकडून पैसे घेतो आणि त्यांना एकमेकींवर घालतो. डॅशिएल हॅमेट याने दारूबंदीच्या काळात लिहिलेल्या ‘रेड हार्वेस्ट’ (१९२९) या गुन्हेगारी कादंबरीशी या कथानकाचे साम्य अनेक समीक्षकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे लिओनेने जगाला दिलेला पहिलाच वेस्टर्न हा घोड्यावर बसवलेला गँगस्टरपट होता. फोर्डचा नायक वस्ती आणि कुटुंब यांच्यासाठी लढतो. लिओनेचा नायक आधी मोबदला विचारतो. ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ (१९६५) आणि ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) यांतही पैशाचाच पाठलाग आहे.

तीन चित्रपटांनंतर त्याला वेस्टर्नचा कंटाळा आला होता. हॅरी ग्रे या टोपणनावाने एका माजी गुन्हेगाराने लिहिलेल्या ‘द हुड्स’ या कादंबरीने त्याला झपाटले होते. न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीतील पोरांची टोळी, तिची मैत्री आणि विश्वासघात असा तो विषय होता. अमेरिकी स्टुडिओंना मात्र त्याच्याकडून आणखी एक वेस्टर्नच हवा होता. त्यातून ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) घडला. सज्जनपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या हेन्री फोंडाला त्यात त्याने बालहत्या करणारा खलनायक केले. अमेरिकेत हा चित्रपट कापून दाखवला गेला आणि पडला. युरोपने त्याला डोक्यावर घेतले. आरंभी एका शेतावर सबंध कुटुंबाची होणारी कत्तल भारतीय प्रेक्षकाला पाहताक्षणी ओळखीची वाटते, कारण ‘शोले’तील (१९७५) ठाकूरच्या कुटुंबाचे हत्याकांड तिच्यावरच बेतलेले आहे.

‘डक, यू सकर’ (१९७१) त्याला फक्त निर्माता म्हणून करायचा होता, पण तोही अखेर दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसूनच करावा लागला. याच सुमारास ‘द गॉडफादर’ दिग्दर्शित करण्याचा प्रस्ताव आपण नाकारला होता, असे लिओने पुढे सांगत असे. गँगस्टरपट करायचा तर आपलाच, या हट्टापायी एवढी संधी सोडणे हा व्यावसायिकदृष्ट्या वेडेपणाच म्हणायला हवा. त्यानंतर १३ वर्षे दिग्दर्शक म्हणून त्याच्या नावावर एकही नवा चित्रपट लागला नाही. मधल्या काळात कोपोलाचे दोन ‘गॉडफादर’ येऊन गेले. चित्रपट पूर्ण होण्याआधी हॅरी ग्रेही वारला.

‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’ १९८४ साली कान महोत्सवात दाखवला गेला. रॉबर्ट डी निरोचा नूडल्स हा जुन्या गँगस्टरसारखा गोळ्या खाऊन मरत नाही आणि वेस्टर्नच्या नायकासारखा मोकळाही होत नाही. मित्रांच्या मृत्यूचे ओझे घेऊन तो ३५ वर्षे परगावी निमूट जगतो आणि म्हातारपणी परत येतो. कथा १९२० च्या दशकापासून १९६८ पर्यंत मागेपुढे फिरते. तिचा सारा अर्थ या उलटसुलट आठवणींतच आहे. अमेरिकी वितरकांनी नेमके तेच काढून टाकले. २२९ मिनिटांचा चित्रपट त्यांनी १३९ मिनिटांवर आणला आणि घटना कालक्रमाने लावल्या. अमेरिकेत तो कोसळला. मोरिकोनेचे संगीत कागदपत्रांतील चुकीमुळे ऑस्करच्या स्पर्धेत उतरूच शकले नाही.

लिओने पुन्हा दिग्दर्शन करू शकला नाही. लेनिनग्राडच्या वेढ्यावरील एका महाकाय चित्रपटाची जुळवाजुळव चालू असताना ३० एप्रिल १९८९ रोजी रोममध्ये हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. वय अवघे ६० होते. ईस्टवुडने आपला ‘अनफरगिव्हन’ (१९९२) हा वेस्टर्न त्याला आणि डॉन सीगल या दुसऱ्या दिग्दर्शकाला अर्पण केला. ‘अमेरिका’त काही हरवलेली दृश्ये परत जोडून केलेली २५१ मिनिटांची प्रत २०१२ साली कानमध्येच दाखवण्यात आली. संच घेताना डब्याच्या पाठीवर २२९ किंवा २५१ यांपैकी एक आकडा आहे ना, एवढे पाहून घ्यावे. १३९ मिनिटांची जुनी प्रत फुकट मिळाली तरी घरी आणू नये.