परक्यांच्या स्वातंत्र्याचा कैवारी

एखादें बलाढ्य राष्ट्र परक्यांच्या स्वातंत्र्याचा कैवार घेऊन पुढें येतें, तेव्हां त्याचे आभार मानावे कीं त्याच्या हेतूची झडती घ्यावी, असा प्रश्न राजकारणांत वारंवार उद्भवतो. आमच्या मतें दोन्हीहि केलें पाहिजे; एकामुळें दुसरें टळत नाहीं. इंग्लंडचा प्रख्यात परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग याचें चरित्र या मतास चांगला पुरावा आहे. ग्रीस व दक्षिण अमेरिका येथें त्याचें नांव कृतज्ञतेनें घेतलें गेलें. महाराष्ट्राशींहि त्याचा संबंध आला होता. पण तो निराळ्या प्रकारचा.

कॅनिंगचा जन्म ता. ११ एप्रिल १७७० रोजीं लंडन येथें झाला. एक वर्षाचा होतो न होतो तोंच त्याचें पितृछत्र हरपलें आणि आईनें पोटासाठीं रंगभूमीचा आश्रय केला. उमरावांच्या त्या समाजांत नटीचा मुलगा म्हणून त्याची हेटाळणी होई. व्यापारी चुलत्यानें त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. ईटन व ऑक्सफर्ड येथें विद्या करून सन १७९३ त तो पार्लमेंटचा सभासद झाला. कुळापेक्षां बुद्धि व वक्तृत्व यांच्याच बळावर तो वर चढला, हें त्याच्या शत्रूंसहि कबूल करावें लागे.

१८०७ सालीं तो प्रथम परराष्ट्रमंत्री झाला. त्याच वर्षीं डेन्मार्कचें आरमार नेपोलियनच्या हातीं पडेल या भयानें इंग्रजांनीं तटस्थ डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरावर तोफा डागल्या आणि तें आरमार उचलून नेलें. लहान राष्ट्राच्या हक्काची त्या दिवशीं कोणीं पर्वा केली नाहीं. १८०९ त सहकारी मंत्री कॅसलरे याच्याशीं वितुष्ट येऊन द्वंद्वयुद्ध झालें, कॅनिंगच्या मांडींत गोळी लागली, आणि पुढें कित्येक वर्षें त्यास मोठ्या अधिकारापासून दूर राहावें लागलें. १८१२ पासून दहा वर्षें तो लिव्हरपूल या व्यापारी बंदराचा प्रतिनिधि होता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

१८१६ त तो बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष झाला. म्हणजे कंपनीच्या हिंदुस्थानांतील कारभारावर देखरेख करणारा मुख्य मंत्री तोच. त्याच्याच अमदानींत नोव्हेंबर १८१७ मध्यें खडकीची लढाई झाली, शनिवारवाड्यावर परकें निशाण चढलें, आणि जून १८१८ त बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. युद्ध फार पसरूं नये असा सावध सूर कॅनिंगनें आरंभीं लाविला होता, हें न्यायानें सांगितलेंच पाहिजे. तथापि मार्च १८१९ मध्यें गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज व त्याचें सैन्य यांच्या आभाराचा ठराव कॉमन्स सभेंत मांडला तो त्यानेंच. दुसऱ्या बाजीरावाची तरफदारी करण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. मामलती मक्त्यानें देऊन त्यानें रयत नागविली होती. परंतु राज्य वाईट चालतें म्हणून शेजाऱ्यानें त्यांत सैन्य घालावें, हा न्याय खुद्द कॅनिंगनें पुढें स्पेनच्या बाबतींत मान्य केला नाहीं.

१८२२ त हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल म्हणून त्याची नेमणूक झाली होती. इतक्यांत कॅसलरेनें आत्महत्या केली व परराष्ट्रखातें पुन्हां कॅनिंगकडे आलें. त्या वेळीं रशिया, ऑस्ट्रिया व प्रशिया येथील राजे एकी करून, कोठेंहि प्रजेनें डोकें वर काढलें कीं तें ठेचण्यास सज्ज असत. स्पेनमधील प्रजापक्ष मोडण्याचा विचार व्हेरोना येथील परिषदेंत निघाला, त्यांत सामील होण्याचें कॅनिंगनें साफ नाकारलें. तरी १८२३ त फ्रेंच सैन्य स्पेनमध्यें शिरलेंच. तेथें लढण्याइतकें बळ खर्चण्यास तो तयार नव्हता. पण स्पेनच्या अमेरिकेंतील वसाहतींवर बळ वापरणार नाहीं, असें वचन त्यानें त्याच वर्षीं फ्रान्सकडून घेतलें.

त्या वसाहती बोलिव्हार, सान मार्तिन आदि वीरांनीं स्वतःच्या रक्तानें सोडविल्या होत्या. त्यांना हवी होती ती मान्यता. मान्यता म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हे. तिच्यावांचून नव्या राज्याशीं तह होत नाहीं, वकील जात नाहीं आणि व्यापाऱ्याच्या मालास कायद्याचा आधार राहत नाहीं. १८२४ च्या अखेरीस ब्युनॉस आयर्स, मेक्सिको व कोलंबिया यांस मान्यता देण्याचें मंत्रिमंडळानें ठरविलें. राजा चौथा जॉर्ज इतका नाराज होता कीं, ही बातमी देणारें भाषण पार्लमेंटांत वाचण्याचें त्यानें टाळलें. ता. २ फेब्रुवारी १८२५ रोजीं ब्युनॉस आयर्सशीं व्यापारी तह झाला. लंडनच्या सराफ्यांत नव्या राज्यांच्या कर्जरोख्यांवर उड्या पडल्या, आणि त्याच वर्षाच्या शेवटीं बाजार कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. स्वातंत्र्याच्या पाठोपाठ सट्टाहि कसा येतो, याचा हा धडा आहे.

ग्रीसच्या बाबतींत त्यानें कायद्याचीच वाट धरली. १८२१ पासून तुर्क सुलतानाशीं झगडणाऱ्या ग्रीकांस त्यानें मार्च १८२३ मध्यें युद्धमान पक्ष मानलें. म्हणजे ते बंडखोर न राहतां युद्धाचे हक्क व जबाबदाऱ्या असलेले लोक झाले. १८२६ च्या डिसेंबरांत पोर्तुगालच्या संरक्षणार्थ त्यानें फौज धाडली. एप्रिल १८२७ त तो मुख्य प्रधान झाला, जुलैंत ग्रीसविषयीं रशिया व फ्रान्स यांच्याशीं तह केला, आणि ता. ८ ऑगस्ट रोजीं मरण पावला. मुख्य प्रधानकी त्यास चार महिनेहि लाभली नाहीं. त्या तहाच्या अनुरोधानें गेलेल्या आरमारांनीं ऑक्टोबरांत नाव्हारिनो येथें तुर्क व इजिप्ती आरमार बुडविलें, आणि १८३० त ग्रीसचें स्वातंत्र्य युरोपनें मान्य केलें.

मग कॅनिंगचें स्वातंत्र्यप्रेम केवळ ढोंग होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ग्रीस खरोखर स्वतंत्र झाला. दक्षिण अमेरिकेंतील मुख्य भूमीवर स्पेनचें राज्य पुन्हां आलें नाहीं. इंग्लंडच्या स्वार्थाची मदत झाली म्हणून तें स्वातंत्र्य हलकें ठरत नाहीं; पण त्याची परतफेड पिढ्यान्‌पिढ्या मागतांहि येत नाहीं. अथेन्समधील एका चौकास कॅनिंगचें नांव आहे. ब्युनॉस आयर्सच्या एका मोठ्या रस्त्यासहि तें होतें. पुढें तें काढून स्कालाब्रिनी ओर्तिस या लेखकाचें नांव देण्यांत आलें. आर्जेंटिनाच्या रेल्वेंवरील इंग्रजी भांडवलाच्या पकडीचा हा लेखक कडवा टीकाकार होता.

जेथें परक्याच्या स्वातंत्र्यानें आपला नफा होतो तेथें उदार होणें सोपें. जेथें आपल्या पदरचें जातें तेथें खरी परीक्षा. अमेरिकेंत स्पेनचें जात होतें, ग्रीसमध्यें सुलतानाचें. हिंदुस्थानांत इंग्लंडचें गेलें असतें, आणि तेथें कॅनिंग आभाराचे ठराव मांडीत होता. त्याचाच मुलगा १८५७ त येथें गव्हर्नर जनरल होता व पुढल्या वर्षीं पहिला व्हाइसरॉय झाला.

हीच कसोटी आपणांसहि लागू आहे. १९४६ त, पुरें स्वातंत्र्य मिळण्यापूर्वींच, हिंदुस्थाननें दक्षिण आफ्रिकेशीं व्यापार बंद केला व तेथील जाचक कायद्यांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढें नेला. आरंभीं तो तेथील हिंदी लोकांपुरता होता; पुढें तेथील कृष्णवर्णीय प्रजेच्या लढ्याशीं तो जोडला गेला, आणि ती बंदी १९९३ पर्यंत टिकली. त्या बाजारपेठेवर आपल्या व्यापाऱ्यांस पाणी सोडावें लागलें. दुसऱ्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याची भाषा आपले मंत्री जेव्हां बोलतील, तेव्हां त्यांत आपण काय सोडणार आहों, हें वाचकांनीं प्रथम विचारावें. उत्तर कांहींच नाहीं असें आलें, तर तें धोरण कदाचित् शहाणपणाचें असेल. पण त्यास औदार्य म्हणूं नये.