पोरगं शाळेत नाही पाठवलं तर महिन्याला एक रुपया दंड! शाहू महाराजांनी हा कायदा का केला होता?

बीड जिल्ह्यातला शिरूर कासार तालुका. दसरा-दिवाळी उरकली की इथल्या वाड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळं जावंच लागतं. प्रश्न उरतो पोराचा. जिल्हा परिषदेची शाळा तर नुकतीच दुसऱ्या सत्राला लागलेली असते.

इथं एकाच घरात तीन मतं निघतात. आजी म्हणते, पोराला माझ्यापाशी ठेवा, हंगामी वसतिगृहात जेवेल आणि शाळा शिकेल. बाप म्हणतो, सोबत नेऊ, वाढं गोळा करायला आणि धाकटीला सांभाळायला कुणीतरी पाहिजे. चार पैसे हातात असलेला चुलता म्हणतो, झेडपीच्या शाळेत काय ठेवलंय, इंग्लिश मीडियमला घाला. यात चूक कोण ते ठरवणं अवघड आहे, कारण प्रत्येकाचं गणित आपापल्या जागी बरोबर असतं.

आता गंमत बघा. यातल्या बऱ्याच गाड्या पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही थेट कोल्हापूर जिल्ह्यातल्या फडात. शंभर वर्षांपूर्वी याच कोल्हापूरच्या राजानं आईबापांचं हे भांडण कायद्यानं मिटवायला घेतलं होतं. त्या राजाचं नाव राजर्षी शाहू महाराज.

शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले. सरकारी नोंदीनुसार जन्म २६ जून १८७४, म्हणून आपण त्या दिवशी सामाजिक न्याय दिन पाळतो. लहानपणीचं नाव यशवंतराव. १८८४ साली कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि त्यांचे शाहू झाले. शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, पुढं धारवाडला फ्रेजर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली. २ एप्रिल १८९४ ला कारभार हातात आला, तेव्हा वय होतं अवघं १९.

दोनच वर्षांत दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवर राबणाऱ्या मजुरांच्या तान्ह्या पोरांसाठी त्यांनी कामाजवळच सांभाळघरं काढली. आज उसाच्या फडात पाचटावर झोपवलेली पोरं पाहिली की ही गोष्ट हमखास आठवते.

शिक्षणात मात्र त्यांची सुरुवात शाळांपासून झाली नाही, वसतिगृहांपासून झाली. खेड्यातलं हुशार पोरगं कोल्हापुरात शिकायला आलं तर राहायचं कुठं आणि जेवायचं कुठं, हा साधा प्रश्न होता. आधी सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं, पण तिथं जवळपास सगळी मुलं एकाच जातीची उरली. दुसऱ्या जातीच्या पंक्तीला आपलं पोरगं बसवायला त्या काळचे आईबाप तयार नव्हते. महाराजांनी यावर नाराज होऊन हात झटकले नाहीत. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच साली जैनांचं, १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठी, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहं काढणं आज खटकतं. पण पोरगं घराबाहेर पडावं म्हणून आईबापाच्या मनातली भीती धरूनच पहिली पायरी बांधावी लागली, असं मला तरी वाटतं. याच काळात, १९०२ साली, त्यांनी मागास वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या.

इथंच एक गोची लक्षात आली. नोकरीत जागा आहे, शहरात बोर्डिंग आहे, पण तिथपर्यंत पोचायला गावातली शाळा तर पार पडली पाहिजे. आणि गावातलं पोरगं गुरांमागं होतं.

सक्तीच्या शिक्षणाची कल्पना तेव्हा नवी नव्हती. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं ती मांडली होती. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात सक्ती आणली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये इंग्रजांच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी पडलं. विरोधकांचे मुद्दे ओळखीचे वाटतील: पैसा कुठून आणायचा आणि गरिबाचं पोरगं शाळेत गेलं तर कामं कोण करणार.

१९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करणारा कायदा आणला. शाळेत पोर न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. आज एक रुपयात काही येत नाही, पण तेव्हा शेतमजुराची दिवसाची मजुरी आण्यांत मोजायचे. म्हणजे दंड भरण्यासाठी कित्येक दिवस राबावं लागणार. घरात आधीच तोंडमिळवणी होत नाही, त्यात राखणीचं पोरगं शाळेनं नेलं आणि वर दंड! बापाची बाजू घेतली तर हा कायदा कडकच होता.

पण महाराजांनी नुसता दंड लावला नाही, पैसाही ओतला. प्राथमिक शिक्षणासाठी वर्षाला सुमारे एक लाख रुपयांची तरतूद केली. छोट्या संस्थानासाठी ही रक्कम मोठी होती. त्याच सुमारास राजाराम कॉलेजचा कारभार त्यांनी आर्य समाजाकडं सोपवला.

आईबापांच्या मतांची खरी कसोटी १९१९ मध्ये लागली. तोपर्यंत अस्पृश्य मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. महाराजांनी त्या बंद केल्या आणि सगळी पोरं सरकारी शाळेत एकत्र बसतील असा हुकूम काढला. बोर्डिंगच्या वेळी ज्या भीतीला त्यांनी वाट करून दिली होती, तिच्याशी आता समोरासमोर गाठ होती. घरच्या पंक्तीचा नियम घरात, सरकारी पैशानं चालणाऱ्या शाळेत तो चालणार नाही, असा त्या हुकुमाचा अर्थ.

घरातही तेच. १९१८ मध्ये धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीच्या अपघातात गेले. मागं राहिली कोवळ्या वयाची विधवा सून, इंदुमतीदेवी. विरोध बाजूला सारून महाराजांनी सोनतळीच्या बंगल्यावर तिच्या शिक्षणाची सोय केली. म्हणजे दुसऱ्याच्या पोरांना सक्ती आणि स्वतःच्या घरात पडदा, असला प्रकार नव्हता.

मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत ते डॉ. आंबेडकरांच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहिले. ६ मे १९२२ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ४७. सक्तीच्या शिक्षणाला जेमतेम पाच वर्षं मिळाली होती.

शिरूर कासार तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, त्यामुळं हा कायदा इथं कधी आलाच नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. देशभर ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायदा लागू झाला तो थेट १ एप्रिल २०१० पासून. त्यात पोराला शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य म्हटलंय, दंड मात्र नाही. शाळा पुरवायची जबाबदारी सरकारवर आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहांची योजनाही जाहीर झाली. म्हणजे गाडी पुन्हा वसतिगृहापाशी आली.

आणि दरवर्षी हंगाम तोंडावर आला की मास्तर वस्तीवर फिरतात, कोण आजीपाशी राहणार आणि कोण गाडीत बसणार याची यादी करत.