पक्षीमित्र सालिम अली आणि आमचे निसर्ग मंडळ



५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा २०२० सालापासून आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा. म्हणून या वेळचे भित्तीपत्रक निसर्ग मंडळाकडे आले आहे. सालिम अलींचे चरित्र लिहायचे काम गुरुजींनी मला दिले. खरे तर सातवीत माझ्याहून सुंदर अक्षर असलेली चार-पाच जणं आहेत. तरी मलाच का दिले, ते पुढे येईलच.

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मग मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी त्यांना वाढवले. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. मामा मोठे शिकारी होते, घरात बंदुका, शिकारीच्या गोष्टी. त्यामुळे लहानग्या सालिमलाही मोठे होऊन शिकारीच व्हायचे होते. हे वाचून मला पहिल्यांदा बरे वाटले. थोर माणसे लहानपणापासून थोरच असतात असे मी समजत होतो.

मामांनी त्यांना छऱ्याची बंदूक दिली होती. दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी तिने एक चिमणी पाडली. हातात घेऊन बघतात तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! अशी चिमणी त्यांनी आधी बघितली नव्हती. मामांना विचारले, त्यांनाही सांगता येईना. पण मामांनी गप्प बस असे म्हटले नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे ते सभासद होते. तिथले सचिव मिलार्डसाहेब यांच्या नावे त्यांनी चिठ्ठी दिली आणि मुलाला मेलेली चिमणी घेऊन धाडले.

विचार करा, इंग्रजांचे राज्य, एवढी मोठी कचेरी, गोरा साहेब, आणि समोर कागदात गुंडाळलेली चिमणी घेतलेला पोरगा. मी असतो तर दारातूनच पळालो असतो. पण साहेबांनी त्यांना हाकलले नाही. ती पीतकंठी चिमणी आहे, म्हणजे रानचिमणी, असे सांगितले. मग एकेक कप्पा उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. पुढे पक्षी कसे जतन करायचे, नोंदी कशा ठेवायच्या, हेही त्यांना तिथेच शिकायला मिळाले. पुढे १९८५ साली त्यांचे आत्मचरित्र आले, त्याचे नावसुद्धा त्या पडलेल्या चिमणीवरूनच ठेवलेले आहे.

आता आमच्या मंडळाचे थोडे सांगतो. आमच्याकडे एकच दुर्बीण आहे आणि सभासद सतरा. दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही भाकरी बांधून पहिली सहल काढली. आधी गेलो आमच्याच मळ्यातल्या विहिरीवर. तिथे पाण्यावर वाकलेली बाभळ आहे आणि तिला सुगरणीचे खोपे लोंबतात. आम्ही मोजले, तेवीस भरले. त्यातले नऊ अर्धवटच होते, टोपी उलटी टांगावी तसे. खाली बोगदाच नाही. पिल्ले कधीच उडून गेलेली, खोपे रिकामे. हे नऊ अर्धेच का राहिले यावरून आमच्यात भांडण जुंपले. कोणी म्हणाले पाखरे मेली. कोणी म्हणाले पाऊस जास्त झाला. आमचे अण्णा मोट्याच्या धावेवर बसून ऐकत होते, ते म्हणाले की माणसासारखी पाखरातही आळशी असतात.

गुरुजी हसले, पण उत्तर सांगितले नाही. वहीत आकडे लिहून घ्या म्हणाले.

तिथून तलावावर गेलो. काठच्या चिखलात एक धोबी पक्षी तुरूतुरू पळत होता. काळा-पांढरा, चिमणीहून थोडा लांबट, शेपटी एकसारखी वर-खाली. हा पावसाळ्यात आपल्याकडे नसतो. हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून थंडीत खाली येतो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला परत जातो. यंदाचा पहिला धोबी, म्हणून आम्ही सर्वांनी तारीख घालून वहीत नोंद केली. एवढासा जीव एवढ्या लांबून न चुकता येतो याचे सगळ्यांना नवल वाटले.

सालिम अलींकडे वळू. शाळेत ते काही हुशार नव्हते हं. डोकेदुखीने बेजार असत, मध्ये हवापालटासाठी सिंधला पाठवले. १९१३ साली कसेबसे मॅट्रिक झाले. कॉलेज अर्ध्यात सोडून ते ब्रह्मदेशात गेले, तिथे घरच्यांचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यापेक्षा लक्ष जंगलातल्या पाखरांकडेच. १९१७ च्या सुमारास परत आले, व्यापाराचे शिक्षण घेतले आणि त्याबरोबर प्राणिशास्त्रही शिकले. १९१८ साली तहमीना बेगम यांच्याशी लग्न झाले. पदवी नव्हती म्हणून सरकारी प्राणिशास्त्र खात्यातली पक्षीतज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात लोकांना माहिती सांगण्याची नोकरी लागली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीला बर्लिनला गेले, तिथे स्ट्रेझमान नावाच्या मोठ्या पंडिताकडे शिकले. १९३० मध्ये शिकून परत येतात तर काय, पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली!

घरात बायको, हाती नोकरी नाही, वय चौतीस. दुसरा कोणी असता तर पाखरांना रामराम केला असता. हे दोघे मुंबई सोडून अलिबागजवळ किहीम या गावी जाऊन राहिले. समुद्रकाठचे गाव, खर्च कमी. आणि घराजवळच सुगरणींची वस्ती होती. सुगरण पक्षी काय, कोणीही बघतो. आपणही रोज बघतो. पण त्या पावसाळ्यात सालिम अली तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसले आणि प्रत्येक गोष्ट टिपून ठेवली.

त्यांना काय दिसले ते ऐका. आपण सुगरण म्हणतो, बाईचे नाव देतो, पण खोपा विणतो तो नर. पावसाळ्यात त्याचे डोके पिवळेजर्द होते. गवताच्या, पानांच्या पट्ट्या चोचीने फाडून तो अर्धा खोपा विणतो, बरोबर त्या उलट्या टोपीएवढा. मग मादी येते, आत शिरते, ओढून बघते, तपासते. पसंत पडला तर ती राहते आणि मग तो उरलेला खोपा आणि खालची नळी पुरी करतो. पसंत नाही पडला तर तो खोपा तसाच राहतो. अंडी घातली की उबवणे तिच्याकडे, आणि नर शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. हे असे चालते हे शास्त्रज्ञांनाही तोवर नीट माहीत नव्हते. या अभ्यासाने त्यांचे नाव झाले.

म्हणजे आमच्या बाभळीवरचे नऊ खोपे नापास झालेले होते! हे गुरुजींनी सांगितले तेव्हा मुली टाळ्या पिटून हसल्या. मी घरी सांगितले तर आई म्हणाली की पाखरांत तरी बाईला विचारून घर बांधतात. आजीचे मात्र वेगळेच. सुगरण रात्री उजेडासाठी खोप्यात काजवे चिकटवते असे ती सांगत आली आहे. आम्ही खाली पडलेला एक खोपा उकलून बघितला. आत चिखलाचे गोळे चिकटवलेले सापडले, काजवा काही सापडला नाही. आजी म्हणते, उडून गेला असेल.

आता ती गोष्ट, जी लिहायला मला तीन दिवस लागले.

दिवाळीच्या सुटीत मामाचा मुलगा आमच्याकडे आला होता. त्याने पैज लावली की पळते पाखरू मला टिपता येणार नाही. माझ्याकडे गलोल होती. तलावाच्या काठी तो धोबी चिखलात पळत होता, आणि मी खडा मारला. लागेल असे वाटलेच नव्हते. उचलला तर हातात वजनच लागेना. चोचीवर थोडे रक्त होते. मामाचा मुलगा शाबास म्हणाला. मला कसेतरी झाले. तरवडाच्या झुडपाखाली खड्डा करून मी तो पुरला आणि कोणाला सांगायचे नाही असे ठरवले.

सुटी संपली. मंडळ परत तलावावर गेले. सगळ्यांनी धोबी शोधला, दिसला नाही. वहीत तारखेपुढे दिसला नाही असे लिहायचे काम नेमके माझ्याकडे आले आणि मी लिहिले. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गात पीतकंठी चिमणीची गोष्ट सांगितली. सगळे ऐकत होते, मी बाकाखाली बघत होतो. सालिम अलींनी चिमणी मारली, पण ती लपवली नाही, कागदात गुंडाळून विचारायला नेली. मी तर पुरून टाकली होती.

शाळा सुटल्यावर मी गुरुजींना सगळे सांगितले. वाटले, छडी मिळेल. त्यांनी मारले नाही. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले की १९७२ च्या कायद्याने रानातले पाखरू मारणे गुन्हा आहे हे तुला ठाऊक असायला हवे होते, आणि ते मी शिकवायला हवे होते. मंडळात ठेवायचे की नाही हे सभासद ठरवतील. सभा झाली. दोघे-तिघे माझे नाव कापा म्हणाले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. शेवटी ठरले की संक्रांतीपर्यंत मला दुर्बीण मिळायची नाही, वही मात्र मीच सांभाळायची. आणि हे चरित्र मीच लिहायचे, त्यात माझी गोष्ट घालायची.

सालिम अलींचे पुढचे आयुष्य फार मोठे आहे, भित्तीपत्रकात मावणारे नाही. १९३१ नंतर त्यांनी एकेका संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. सुरुवात हैदराबाद संस्थानापासून झाली, आणि आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. बैलगाडी, तंबू, मुक्काम, आणि बरोबर तहमीनाबाई. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. त्यानंतर ते बहिणीच्या घरी राहिले आणि पुन्हा लग्न केले नाही. १९४१ मध्ये भारतातल्या पक्ष्यांवरचे त्यांचे चित्रांचे पुस्तक निघाले, ते अजून लोक पिशवीत घालून रानात नेतात. पुढे अमेरिकेच्या डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी दहा खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला. तो १९६८ ते १९७४ या काळात आला, म्हणजे पहिला खंड निघाला तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती.

राजस्थानातल्या भरतपूरचे मात्र सांगितलेच पाहिजे. तिथल्या तळ्यावर थंडीत हजारो बदके येतात. राजे आणि इंग्रज साहेब तिथे शिकारीला जमत, आणि कोणी किती मारले ते दगडावर कोरून ठेवत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, व्हाइसरॉय लिनलिथगो आले तेव्हा, एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तारीख बघा. त्या दिवशी सालिम अलींना ४२ वर्षे पूर्ण झाली होती. पुढे हेच तळे पक्ष्यांसाठी राखले जावे म्हणून त्यांनी खटपट केली. तिथे पक्षी पकडून, पायात संस्थेचे नाव आणि नंबर असलेले हलके कडे घालून सोडून देत. ते कडे दूर देशात कोणाला सापडले की पक्षी कुठून कुठे गेला ते कळते. भरतपूर आज राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

१९५८ मध्ये त्यांना पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. पॉल गेटी पारितोषिकही त्यांना मिळाले, त्याचे पैसे त्यांनी निसर्ग जपण्याच्या कामाला दिले. १९८५ साली त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. २० जून १९८७ रोजी मुंबईत, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते वारले.

आमच्या अण्णांना मी हे सगळे वाचून दाखवले. भोरड्या ज्वारी खातात तशा टोळ आणि नाकतोडेही खातात, सुगरण स्वतः दाणे खाते पण पिल्लांना किडे भरवते, असे गुरुजींनी सांगितलेले मी त्यांना सांगितले. अण्णा म्हणाले की किड्यांचा हिशोब गुरुजींनी माळ्यावर येऊन दाखवावा, तोवर माझी गोफण चालूच राहील, पण फक्त आवाजापुरती. गुरुजी येत्या रविवारी येणार आहेत. कोणा पालकांना यायचे असेल तर सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकापाशी यावे, भाकरी आणावी.

काल सकाळी शाळेच्या हापशाजवळ सांडलेल्या पाण्यात एक धोबी आला होता. मी हळूच पायऱ्यांवर बसलो. तो चार वेळा पळाला, एकदा नळावर बसला आणि मग शेतांकडे गेला. वहीत तारीख आणि वेळ लिहिली आहे, ७ वाजून १० मिनिटे.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी, निसर्ग मंडळ