कोरिओलिस: पूलचा स्पिन आणि फोनचा जायरोस्कोप, दोन्हींमागचा माणूस

८ बॉल पूल गेम खेळताना पांढऱ्या बॉलवरचा छोटा ठिपका तुम्ही सरकवला असेलच. ठिपका बाजूला नेला की बॉलला स्पिन मिळतो. बीजीएमआयमध्ये नुसता फोन फिरवून नेम धरता येतो, तो जायरोस्कोपमुळे. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी असलेलं गणित एकाच माणसाने, एकाच वर्षी, म्हणजे १८३५ मध्ये छापलं. त्याचं नाव गास्पार-गुस्ताव्ह द कोरिओलिस.

त्याचा जन्म २१ मे १७९२ चा, पॅरिसमधला. ऐन राज्यक्रांतीचा काळ. वडील राजाच्या सैन्यातले अधिकारी, त्यामुळे कुटुंब नान्सी शहरात गेलं आणि गुस्ताव्ह तिथेच वाढला. १८०८ मध्ये एकोल पॉलिटेक्निकच्या प्रवेश परीक्षेत तो दुसरा आला. पुढे रस्ते-पुलांचा इंजिनिअर झाला, पण तब्येत कायम नाजूक. वडील गेल्यावर घरची जबाबदारी आली, तेव्हा १८१६ पासून त्याने पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला सुरुवात केली.

शाळेत आपण गतिज ऊर्जा ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग अशी घोकतो ना? त्यातला तो ½ रूढ करणारा हाच. भौतिकशास्त्रातला 'कार्य' हा शब्दही त्यानेच १८२९ च्या यंत्रांवरच्या पुस्तकात पक्का केला.

आता बिलियर्डकडे येऊ. क्यूच्या टोकाला चामड्याची टिप लावण्याचं श्रेय मिंगो या फ्रेंच कॅप्टनला दिलं जातं. त्याआधी नुसतं लाकडी टोक बॉलवरून घसरायचं. चामडं बॉलला क्षणभर पकडतं, म्हणून मधोमध न मारता बाजूला मारता येतं आणि बॉल फिरतो. मिंगोचे शॉट लोकांना जादूच वाटायचे. कोरिओलिसने त्याचा खेळ पाहिला आणि त्याला वाटलं, हे सगळं यांत्रिकीच्या नियमांनी सांगता आलं पाहिजे. यंत्रांवर लिहिणाऱ्या या गंभीर प्राध्यापकाने मग बिलियर्डच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं!

त्यातल्या दोन गोष्टी आजही टेबलावर उपयोगी पडतात.

पहिली, स्पिनची मर्यादा. सर्वात जास्त साइड स्पिन हवा तर टिप बॉलच्या मध्यापासून साधारण अर्ध्या त्रिज्येवर लागली पाहिजे. पूलच्या बॉलची त्रिज्या सुमारे २८.५ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून १४ मिलिमीटर. त्याहून बाहेर गेलात की टिप घसरते, यालाच मिसक्यू म्हणतात. गेममध्ये यासाठी काही भरावं लागत नाही, पण पार्लरमध्ये क्यू कापडात घुसली तर मालक बिल हातात देतो. हे १४ मिलिमीटर मिळतात ते टिप धड असेल तरच. टिप गुळगुळीत, चकचकीत झाली की चॉक धरत नाही आणि मर्यादा आतच येते. म्हणून बारीक पॉलिश पेपरने तिला थोडी खरखरीत करायची, आकार छोट्या नाण्याच्या कडेसारखा गोलसर ठेवायचा आणि चॉक हलक्या हाताने, पूर्ण टिपवर लावायचा. नवशिके बहुतेक वेळा नेमाला दोष देतात, खरा दोष टिपमध्ये असतो.

दुसरी गोष्ट 'मासे' शॉटची (शब्द फ्रेंच आहे, बाजारातल्या माशांशी संबंध नाही). क्यू जवळजवळ उभी धरून मारली की बॉल वळत जातो. कोरिओलिसने दाखवलं की बॉल कापडावर घसरत असतो तोपर्यंत घर्षणाची दिशा बदलत नाही, म्हणून वाट पॅराबोला होते. घसरणं थांबलं की तो सरळ जातो. कुठे जाईल? क्यूची रेष बॉलमधून पुढे वाढवा, ती कापडाला जिथे टेकेल तो बिंदू पाहा. बॉल कापडावर जिथे टेकलाय तिथून या बिंदूकडे रेष काढा. बॉलची शेवटची दिशा या रेषेला समांतर असते. नेम धरायची इतकी सोपी युक्ती समीकरणांतून निघाली, हे मला तरी भारी वाटतं.

त्याच वर्षी त्याने फिरणाऱ्या यंत्रांवर एक लेख छापला. फिरत्या चौकटीत हलणाऱ्या वस्तूला बाजूला ढकलणारं जे बल जाणवतं, त्याला पुढे त्याचंच नाव मिळालं. वाऱ्यांचा, वादळांचा विचार त्या लेखात नव्हता. त्याच्यासमोर पाणचक्क्यांसारखी यंत्रं होती. फोनच्या जायरोस्कोपमध्ये सिलिकॉनचा अगदी बारीक तुकडा सतत कंप पावत असतो. फोन फिरला की कोरिओलिस बल त्याला किंचित बाजूला सरकवतं आणि चिप ते सरकणं मोजते.

१८३६ मध्ये तो विज्ञान अकादमीत निवडून आला, १८३८ मध्ये पॉलिटेक्निकचा अभ्याससंचालक झाला. तिथे त्याने पिण्याच्या पाण्याची सोय केली आणि विद्यार्थी त्या नळांना 'कोरिओ' म्हणू लागले. तब्येतीने मात्र साथ दिली नाही. १९ सप्टेंबर १८४३ ला, वयाच्या ५१ व्या वर्षी, तो पॅरिसमध्येच गेला. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांमध्ये त्याचं नाव आहे.