दुष्काळाशी झुंजणारा राजा : श्री शाहू छत्रपती

श्री शाहू छत्रपतींचे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी महाराष्ट्रात विरळाच सापडेल. सर्व जातींच्या मुलांसाठी काढलेली वसतिगृहे, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत राखलेल्या निम्म्या जागा, १९२० साली माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांचा केलेला गौरव, ह्या गोष्टी पाठ्यपुस्तकांतून येतात व त्या योग्यच आहेत. परंतु त्यांच्या चरित्राचा आणखी एक भाग आहे. तो पावसाचा, धान्याचा आणि बाजारभावाचा आहे. आमच्या बालवाचकांस तोच येथे सांगावा असे आम्ही योजिले आहे.

कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेल्या ह्या मुलाचे मूळ नाव यशवंतराव. तीन वर्षांचे वयही पुरते झाले नव्हते तोच आई गेली, आणि बाराव्या वर्षी वडीलही गेले. मध्यंतरी, १७ मार्च १८८४ रोजी, कोल्हापूरच्या गादीवर त्यांचे दत्तविधान झाले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी त्यांना वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी हे वय ध्यानात ठेवावे, कारण दोनच वर्षांनी ह्या तरुणावर जो प्रसंग आला तो पिकल्या केसांच्या कारभाऱ्यासही घाबरविणारा होता.

कोल्हापूर संस्थानात त्या काळी सुमारे नऊ लक्ष माणसे राहत असत व त्यांतील बहुतेकांचे पोट शेतीवर चाले. पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत धो-धो पाऊस पडे, आणि पूर्वेस शिरोळकडे त्याचा लहानसा अंशच पोहोचे. आपणां भिवंडीकरांस पाऊस म्हटला की भाताची खाचरे तुडुंब भरलेली दिसतात, आणि पाऊस अगदीच न येणे म्हणजे काय ह्याची कल्पना सहसा होत नाही. देशावर १८९६ साली परतीच्या पावसाने दगा दिला. उभी पिके वाळली आणि रब्बीची आशाही संपली.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दुष्काळात धान्य मुळीच नसते असे नाही. पुष्कळदा ते व्यापाऱ्यांच्या कोठारांत असते. पण शेतात काम नाही म्हणून मजुराला मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणून बाजारातली ज्वारी डोळ्यांपुढे असूनही त्याला ती घेता येत नाही. शेतकऱ्याचा हात आखडला की कोष्टी, कुंभार, चांभार ह्यांचेही धंदे बसतात. आपल्या गावात घरोघर मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या मुलांस हे फोड करून सांगावयास नको. ज्वारी महाग झालेल्या वर्षी नवे लुगडे कोण घेणार?

महाराजांनी घोड्यावर बसून दुष्काळी पेट्यांत स्वतः फेरी केली. व्यापाऱ्यांस बोलावून त्यांनी बाहेरून धान्य आणविले, सरकारी देखरेखीखाली स्वस्त धान्याची दुकाने उघडली, आणि त्यांत येणारा तोटा दरबारने सोसला. रस्ते, विहिरी व तलाव ह्यांची कामे काढून लोकांच्या हाती मजुरी पडेल अशी व्यवस्था केली. अशा कामांवर बायका येत तेव्हा त्यांची तान्ही मुले उन्हात बांधावर पडून असत. त्या मुलांसाठी महाराजांनी कामाजवळच शिशुगृहे उघडविली. आम्हांस त्यांच्या साऱ्या दुष्काळी कामांत ही लहानशी गोष्ट विशेष मोलाची वाटते. ती सुचण्यास कामाच्या जागी जाऊन उभे राहावे लागते. म्हाताऱ्या व अपंग माणसांसाठी निराधार आश्रम निघाले. शेतकऱ्यांस तगाई मिळाली.

गुराढोरांचाही त्यांना विसर पडला नाही. बैल मेला तर पुढच्या वर्षी पाऊस येऊनही नांगर चालत नाही, आणि शेतकरी सावकाराच्या दारी जातो तो कायमचाच. म्हणून दरबारची राखीव राने गुरांच्या चराईसाठी मोकळी करण्यात आली, आणि जनावरांच्या छावण्याही घातल्या गेल्या.

हे निस्तरते न निस्तरते तोच प्लेग आला, आणि १८९९ साली पुन्हा पाऊस चुकला. तीन-चार वर्षांत हे तीन तडाखे! महाराजांच्या मनाने घेतले की दर वेळी धान्य वाटून हे संकट टळणारे नाही. पश्चिमेचे पाणी अडवून पूर्वेकडे नेले पाहिजे. १९०२ साली त्यांनी संस्थानचे पाटबंधाऱ्यांचे धोरण जाहीर केले, आणि जुन्या विहिरी व तलाव ह्यांची पाहणी सुरू झाली. नोकऱ्यांत निम्म्या जागा राखणारा प्रसिद्ध हुकूम त्याच वर्षीचा, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे.

मग भोगावती नदीवर, फेजिवडे गावाजवळ, मोठे धरण बांधण्याचे ठरले व १९०७ च्या सुमारास कामास आरंभ झाला. जवळच वसविलेल्या गावास महाराजांच्या कन्या राधाबाई ह्यांच्या नावावरून राधानगरी म्हणू लागले, आणि तलावास महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. एवढे धरण हाती घेणे लहान संस्थानाच्या तिजोरीस झेपणारे आहे काय, अशी शंका कोणासही आली असती, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

शेतात पिकले तरी त्याला गिऱ्हाईक पाहिजे, हेही महाराज जाणून होते. १८९१ साली कोल्हापुरास आगगाडी आली होती. तिच्या आधाराने १८९५ साली त्यांनी शाहूपुरी ही नवी पेठ वसविली. गुऱ्हाळांतले गुळाचे रवे तेथे येऊ लागले, आणि कोल्हापुरी गूळ दूरदूरच्या बाजारांत नावाजला. १९०६ साली सूत व कापडाच्या गिरणीचा पाया घातला गेला. पन्हाळ्याकडे चहा-कॉफीच्या लागवडीचेही प्रयोग झाले.

पुढे १९१४ चे महायुद्ध उद्भवले व महागाई भडकली. १९१८ साली पावसाने तोंड फिरविले आणि इन्फ्ल्युएंझाची साथ घरोघर शिरली. त्याच वर्षी, भिंत चाळीस फुटांपर्यंत आली असता, पैशाअभावी धरणाचे काम थांबले. ज्याच्यासाठी सोळा वर्षे खटपट केली ते काम अर्धवट टाकावे लागणे महाराजांस किती जड गेले असेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. मधुमेहाने त्यांची प्रकृती ढासळत गेली. ६ मे १९२२ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते.

त्यानंतर सात वर्षांनी जगभर मंदी आली व शेतमालाचे भाव कोसळले. तेव्हा गादीवर त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज होते. दुष्काळात धान्य महाग म्हणून लोक उपाशी राहत. आता धान्य स्वस्त म्हणून शेतसारा व सावकाराचे व्याज भागेना. त्या दशकात कसबा बावड्यास साखर कारखाना उभा राहिला व उसाला गुऱ्हाळाखेरीज दुसरे गिऱ्हाईक मिळाले.

राधानगरीचे धरण स्वातंत्र्यानंतर, १९५७ च्या सुमारास, पुरे झाले. त्यात आठ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी साठते. धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीस पोहोचले की ते आपोआप उघडतात, आणि ओसरले की आपोआप मिटतात. पावसाळ्यात त्यांतील किती उघडले ही बातमी कोल्हापूरकडील लोक आजही मोठ्या उत्सुकतेने वाचतात.